जखिऱ्याचं पाणी

नानाकाकांच्या दहाव्याला मी उशिरा पोचलो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. का पोचलो, ते मात्र मी ज्याला-त्याला वेगवेगळं सांगितलंय. आत्याला सांगितलं, पाऊस होता. दादाला सांगितलं, विमानवाल्यांनी पेट्रोल कमी भरलं होतं. ऑफिसात तर पायलटला यथेच्छ शिव्या घालून झाल्या. आज खरं काय ते लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. शिवाय मधल्या काळात मी या विषयावर बरंच वाचलंय आणि ते कुणालातरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. (ज्यांना नुसती घरगुती हकिकत हवी आहे त्यांनी मधले परिच्छेद गाळले तरी चालतील. नानाकाकांना चाललं नसतं.)

तर झालं असं. ऑगस्ट महिना, दिल्लीहून पुण्याला संध्याकाळचं विमान. सकाळी भोरला नीरेच्या घाटावर दहावा. विमान वेळेवर सुटलं, दोन तासांत पुण्याच्या जवळ आलं आणि मग तिथंच घिरट्या घालायला लागलं. खाली धो धो पाऊस. एकदा ढगांच्या फटीतून पाण्याची मोठी चकाकी दिसली, ते आपलं भाटघरच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पानशेत असेल, वरसगाव असेल, कुणास ठाऊक. पण दहा मिनिटं मी खिडकीला नाक लावून अगदी भोरच्या डोक्यावर असल्यासारखा बसलो होतो. मग कॅप्टनची घोषणा झाली, पुण्यात उतरता येत नाही, इंधनाचा विचार करता आपण हैदराबादला जात आहोत.

झालं! विमानात एकच गलका. 'मुंबई इथं हाकेवर असताना हैदराबाद कशाला?' 'तेल भरायला पैसे नव्हते काय?' आणि यातलं दुसरं वाक्य माझं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. मी त्या हवाई सुंदरीला, जेमतेम माझ्या भाचीच्या वयाची पोर ती, मोठ्या आवाजात ऐकवलं की आमच्याकडे वेल्ह्याच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा डिझेलचा अंदाज असतो. ती म्हणाली, "सर, इंधन आहे. म्हणूनच आपण जातोय." हे वाक्य मला तेव्हा निव्वळ उद्धटपणाचं वाटलं.

हैदराबादला रात्र काढून, पहाटेचं विमान पकडून, कात्रज-कापूरहोळ करत भोरला पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते. पिंडाला कावळा शिवून मंडळी घाट चढून वर येत होती. दादानं नुसतं खांद्यावर हात ठेवला.

आता त्या पोरीच्या वाक्याकडे येतो.

विमानात किती इंधन घ्यायचं हे कंपनीच्या किंवा पायलटच्या मर्जीवर सोडलेलं नसतं. किमान किती हवं ते कायद्यानं ठरलेलं आहे, आणि जगभर जवळजवळ सारखंच आहे. धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यापुरतं. मग मुक्कामापर्यंतचं. मग त्यावर अडीअडचणीचं, साधारण पाच टक्के, कारण वारा अंदाजापेक्षा उलटा निघू शकतो. मग मुक्कामी उतरता आलं नाही तर दुसऱ्या, आधीच ठरवून ठेवलेल्या विमानतळापर्यंत जाण्याचं. आणि हे सगळं धरून झाल्यावर, त्या दुसऱ्या विमानतळावर १५०० फूट उंचीवर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं शेवटचं राखीव. जेट विमानांना अर्धा तास, जुन्या पंख्याच्या पिस्टन इंजिनांना पाऊण तास. (हे १५०० फूट विमानतळापासून मोजायचे. लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर आहे, म्हणजे हिशोबातलं ते विमान साडेतीन हजार फुटांच्या आतच फिरतंय. तोरण्याचा माथा ४६०० फूट! असो, तो हिशोब झाला, तिथं खरोखर कुणी फिरत नाही.)

दिल्ली-पुण्यासाठी आपल्या नेहमीच्या १८० सीटच्या विमानाला साधारण पाच टन इंधन लागतं. पाच टक्क्यांचे अडीचशे किलो. हैदराबादपर्यंतचे दोनेक टन. आणि शेवटचं राखीव टनभराच्या आसपास. टाकीत मावतं याच्या दुप्पट. मग टाकी फुल करूनच का निघत नाहीत? मीही हेच विचारलं असतं. एक तर उतरताना विमानाचं वजन ठराविक मर्यादेच्या आत असावं लागतं. दुसरं म्हणजे जास्तीचं इंधन वाहून न्यायलाच इंधन जळतं. दर तासाला त्या जास्तीच्या वजनाच्या तीनेक टक्के नुसतं ओझं वाहण्यात उडून जातं. आपल्या देशात विमान कंपनीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त इंधनावर जातो, तेव्हा प्रत्येक टनाला हिशेबनीस डोळे वटारून बसलेला असणार. कायदा नसता तर काय झालं असतं ते सांगायला नको.

आणि 'मुंबई हाकेवर असताना'? पुण्याला झोडपणारा पाऊस मुंबईलाही झोडपत असतो. जवळ असणं आणि आसरा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या मुलखातल्या माणसाला तरी सांगायची वेळ येऊ नये. औरंगजेबाच्या स्वारीत राजगड १७०४ च्या फेब्रुवारीत पडला, आणि त्याच्या शेजारचा तोरणा पुढच्याच महिन्यात.

हा नियम आला कुठून ते शोधायला मी मागे मागे जात राहिलो आणि १९३२ सालापाशी पोचलो. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ नावाचं छोटंसं एका इंजिनाचं विमान घेऊन निघाले, टपालाच्या थैल्यांसकट. वाटेत अहमदाबादला थांबले ते पेट्रोलसाठी. तिथं बर्मा शेलचं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून आलं, तेही बैलगाडीतून! दुपारी जे. आर. डी. जुहूला उतरले. तिथून पुढची टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या त्यांच्या सहकाऱ्यानं नेली. रात्री मुक्काम बल्लारीला, आणि दुसऱ्या दिवशी मद्रास.

आता गंमत बघा. नकाशा घ्या आणि जुहूपासून बल्लारीपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढा. मी ओढली. ती रेघ राजगडाच्या कुशीतून जाते आणि भोरपासून पायी तासाभराच्या आतल्या अंतरावरून पलीकडे उतरते! व्हिन्सेंटसाहेब पट्टीवर चालले असतील असं माझं म्हणणं नाही. सह्याद्री ओलांडताना ढग बघून कुणीही वाट बदलेल. पण ऑक्टोबरातल्या त्या दुपारी गुंजवणीच्या खोऱ्यात भात कापणीला आलेला असताना कुणीतरी मान वर करून बघितलं असेल, या कल्पनेनं मी दोन दिवस खूष होतो. तेव्हा भोर संस्थान होतं, पंतसचिवांचा अंमल होता, भाटघरचं धरण नुकतं कुठं पुरं होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पायलटला खुणेला ते पाणी उत्तमच. कारण जुहू ते बल्लारी सहाशे किलोमीटर, विमानाचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे पावणेचार तास एकटा माणूस, खाली डोंगर आणि काटा खाली सरकत असलेलं एक मीटर.

पावसाळ्यात जुहूच्या त्या चिखलात विमान उतरवणं अशक्यच. म्हणून टाटांनी पावसाळ्यापुरता सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवला होता. आजच्या भाषेत हा पर्यायी विमानतळ. फक्त तो दर उड्डाणाला न ठरवता अख्ख्या ऋतूला ठरवलेला. मुंबईचा आसरा पुणे! आणि मी पुण्यासाठी मुंबई मागत होतो.

पुढे १९३४ साली विमानांचा कायदा आला, १९३७ मध्ये त्याखालचे नियम. १९४४ मध्ये शिकागोला जगातली राष्ट्रं जमली, त्यात हिंदुस्थानही होता, आणि त्या करारातून निघालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९४८ च्या डिसेंबरात विमान चालवण्याचे समान नियम मंजूर केले. इंधनाचा हिशोब त्या नियमांत बसतो. आपल्याकडे डीजीसीए ते लागू करतं. १९३४ चा कायदा आता गेला, १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आलाय. शेवटचा अर्धा तास मात्र जागचा हललेला नाही.

आणि तो अर्धा तास किती तोकडा असू शकतो याची उदाहरणं वाचताना माझी झोप उडाली. १५ नोव्हेंबर १९९३. इंडियन एअरलाइन्सचं एअरबस मद्रासहून हैदराबादला गेलं. धुरकट हवेमुळे उतरता आलं नाही, पुन्हा वर घेतलं, तर पंखांच्या मागच्या झडपा, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या आत जाईनात. तशाच बाहेर राहिल्या. मद्रासला परत फिरले. पण झडपा बाहेर असताना विमान वाऱ्याशी झगडत चालतं, इंधन भराभर पितं. हिशोब केला होता तो मिटलेल्या झडपांचा. तिरुपतीजवळ इंधन संपलं आणि ते एवढं मोठं धूड वैमानिकांनी भाताच्या खाचरात उतरवलं. २६२ माणसं, सगळी जिवंत! भाताच्या खाचरात विमान हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सरळ आपल्या मांगदरीकडची खाचरं आली.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. २५ जानेवारी १९९० ला अव्हियांका कंपनीचं विमान कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलं. खराब हवा, रांग लागलेली, एक तासाहून जास्त वेळ त्यांना घिरट्या घालत ठेवलं. वैमानिक सांगत होते, इंधन संपत आलंय, आम्हाला प्राधान्य द्या. पण 'आणीबाणी' हा शब्द त्यांनी उच्चारलाच नाही. खालच्या माणसाला वाटलं, इंधन काय सगळ्यांचंच संपत आलेलं असतं. ७३ माणसं गेली. भिडस्तपणानं गेली असंच मला वाटतं. आपल्याकडे नाही का, पाहुणा 'थोडं पाणी मिळेल का' म्हणतो आणि घशाला पार कोरड पडलेली असते. बावीस वर्षांनी, २०१२ मध्ये, यासाठी शब्दच ठरवून टाकले गेले. 'मिनिमम फ्युएल' म्हणजे आता इथंच उतरणार, आणखी उशीर नको. आणि शेवटच्या राखीवाला हात लागणार असं दिसलं की 'मेडे फ्युएल', तीनदा मेडे म्हणून. लागल्यावर म्हणायचं नाही, लागणार असं कळताच म्हणायचं.

२०१६ च्या नोव्हेंबरात ब्राझीलच्या फुटबॉल संघाचं विमान कोलंबियात पडलं, त्याची हकिकत तर भयंकर आहे. निघताना दिलेल्या कागदावर प्रवासाचा वेळ लिहिला होता चार तास बावीस मिनिटं, आणि इंधन पुरण्याचा वेळ, तोही चार तास बावीस मिनिटं. राखीव शून्य. कागद तपासणाऱ्या बाईंनी हरकत घेतली होती. तरी विमान निघालं. ७१ जण गेले.

आपल्याकडेही फार लांब जायला नको. २०१५ च्या ऑगस्टमध्ये दोह्याहून कोचीला आलेलं जेट एअरवेजचं विमान कोचीला उतरू शकलं नाही, तिरुवनंतपुरमला गेलं, आणि सातव्या प्रयत्नात टेकलं. जुलै २०१९ मध्ये मुंबईहून दिल्लीला निघालेलं विस्ताराचं विमान दिल्लीच्या पावसामुळे लखनौला वळवलं, तिथंही दिसेना म्हणून प्रयागराजकडे निघालं, मग लखनौची हवा सुधारली म्हणून परत फिरलं. उतरलं तेव्हा टाकीत जेमतेम काही मिनिटांचं इंधन उरलं होतं. या दोन्ही विमानांतल्या लोकांनी किती आरडाओरडा केला असेल त्याची मला पक्की कल्पना आहे.

त्या रात्री आमच्या कॅप्टननं हेच टाळलं होतं. आणखी वीस मिनिटं पुण्यावर थांबला असता तर पाऊस कदाचित उघडला असता आणि मी दहाव्याला पोचलो असतो. कदाचित. इंधन होतं, पण ते हैदराबादचं होतं. पुण्यावर खर्च करायचं नव्हतंच ते. "म्हणूनच आपण जातोय," असं ती पोरगी सांगत होती.

हे सगळं वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठंतरी आधी ऐकलंय. दोन-तीन आठवडे आठवेना. आणि मग एका रात्री एकदम आठवलं. राजगड! मे महिना, मी पाचवीत, दादा आठवीत, आणि पुढे नानाकाका, धोतराचा काचा मारून. त्यांचा नियम होता, प्रत्येकाच्या पाठीवर एक बाटली प्यायची आणि एक न प्यायची. ती दुसरी परत गुंजवण्यात येईपर्यंत उघडायची नाही. पद्मावती माचीवर माझा घसा सुकला, मी रडलो, पण बाटली उघडू दिली नाही. तळ्याचं गाळलेलं पाणी पाजलं, पण बाटली नाही. खाली आल्यावर ती गरम झालेली बाटली ते एस.टी. थांब्याजवळच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायचे. आम्हाला हा शुद्ध छळ वाटायचा. आई तर म्हणायचीच, "भावजी, पोरांना उगाच ओझं कशाला?"

काका म्हणायचे, "हे ओझं नाही वहिनी, जखिरा आहे." आणि मग आज्ञापत्र सुरू व्हायचं.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यातलं गडकिल्ल्यांचं प्रकरण काकांना जवळजवळ पाठ होतं. त्यात पंतांनी पाण्याबद्दल जे सांगितलंय ते माझ्या शब्दांत असं : गड बांधायचा तर आधी पाणी बघा. पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून आधी टाकी करा, मग बाकीचं. एक झरा आहे, तो पुरतो, एवढ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्यानं झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून जखिऱ्याचं पाणी म्हणून दोन-चार टाकी वेगळी बांधा आणि त्यातलं पाणी खर्च होऊ देऊ नका.

बघा म्हणजे! नेहमीचं पाणी, अडचणीचं पाणी, आणि ज्याला हात लावायचा नाही असं पाणी. झडपा अडकल्या की नेमका तेव्हाच खर्च वाढतो, हे तिरुपतीजवळच्या खाचरात कळलं, ते पंतांनी तोफा आणि झऱ्यांच्या हिशोबात लिहून ठेवलं होतं. ते काही घरबसल्या सुचलेलं नव्हे. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा मुलूख सांभाळला तो रामचंद्रपंतांनी आणि शंकराजी नारायण सचिवांनी. म्हणजे आपल्या भोरच्या पंतसचिवांचे मूळ पुरुष. गड गेले, परत घेतले, पुन्हा गेले, पुन्हा घेतले. राजगड-तोरणा मोगलांकडून परत आणण्यात शंकराजींचाच हात होता. गड का पडतो हे त्या दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

शिकागोतल्या मंडळींनी आज्ञापत्र वाचलं होतं असा दावा मी करणार नाही. (आपल्या काही मित्रांना तो करायला आवडेल, त्यांनी खुशाल करावा, माझं नाव घालू नये.) ज्यानं कुणी वेढा सोसला असेल त्याला हे सुचणारच. मला आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. पाणी साठवा, हे कोणीही सांगेल. पण भरलेल्या टाक्याशेजारी तहानेनं बसून राहा, हे माणसाला पटवणं महाकठीण. पाचवीतल्या मला पटलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर, खिडकीतून भाटघर बघत, तेही पटलं नाही.

घाटावरून परतल्यावर जेवणं झाली आणि मी पडवीत दादापाशी पुन्हा त्या पायलटचा उद्धार सुरू केला. दादानं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "नाना असते ना, तर त्यांनी त्या विमानवाल्याचीच बाजू घेतली असती. आणि तुला अंगणात उभं केलं असतं." तेव्हा मला राग आला होता. दादा, तू हे वाचत असशील तर, तुझं बरोबर होतं. आणि त्या मुलीची माफी मागायला आता काही मार्ग नाही. नाव बघायचंसुद्धा मी तेव्हा भान ठेवलं नव्हतं.

येत्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, आम्ही राजगडावर जायचं ठरवतोय. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगडच झालंय, त्यामुळे एस.टी.चा बोर्ड वाचताना घोळ घालू नका. दादाची दोन्ही नातवंडं येणार आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी महिनाभर आधी कळवा, गुंजवण्यात राहायची सोय बघावी लागेल. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकी तीन. दोन प्यायच्या. तिसरीचं मी तिथं सांगेन.